राष्ट्रावरील अभियोग आणि निकालपत्राचे वाचन

नोव्हेंबर १९४८ मध्ये टोकियो येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाने आपला बहुमताचा निर्णय वाचून दाखविला. हे वाचन कित्येक दिवस चालले. अकरा न्यायाधीशांपैकी एक असलेल्या राधाबिनोद पाल यांचे १२०० हून अधिक पृष्ठांचे विसंमत निकालपत्र मात्र न्यायालयात वाचले गेले नाही; ते केवळ दप्तरी दाखल झाले. जपानवरील दोस्त राष्ट्रांचा ताबा १९५२ मध्ये संपेपर्यंत तेथे ते प्रसिद्ध होऊ शकले नाही, आणि १९५३ मध्ये ते कलकत्त्यातून ग्रंथरूपाने निघाले. जी संहिता ऐकविली गेली नाही आणि जिचा नुसता आकारच सामान्य वाचकाला परावृत्त करणारा आहे, तिचे एका वाक्यातील तात्पर्य मात्र झपाट्याने रूढ झाले : एका भारतीय न्यायाधीशाने जपानला निर्दोष ठरविले. जपानमधील राष्ट्रवाद्यांनी हे वाक्य कृतज्ञतेने उच्चारले; भारतात ते अभिमानाने उच्चारले गेले; पालांच्या अनेक टीकाकारांनीही ते तसेच गृहीत धरून त्यांच्यावर ठपका ठेवला.

हे तात्पर्य चुकीचे आहे. ती चूक कायद्याच्या अज्ञानातून जेवढी उद्भवते, त्याहून अधिक वाचनाच्या सवयीतून उद्भवते, आणि म्हणूनच तिचा विचार समीक्षेच्या कक्षेत येतो. निकालपत्र ही एक विशिष्ट संकेतव्यूहाने बांधलेली संहिता असते. कोणत्या विधानाला कोणता कर्ता चालतो, 'सिद्ध झाले नाही' या शब्दांचा विस्तार कोठपर्यंत होतो आणि कोठे थांबतो, हे त्या व्यूहाने ठरविलेले असते. राष्ट्रावरील आरोप ही संहिता कशी पेलते आणि तिचे वाचक तिच्याकडून काय वदवून घेतात, हा येथील मुख्य प्रश्न होय.

प्रथम कर्त्याचा विचार करू. 'जपानने मांचुरिया घेतला' हे वाक्य मराठीत, तसेच कोणत्याही भाषेत, बिनचूक आहे. राष्ट्राच्या नावाला 'ने' हा प्रत्यय सहज लागतो आणि तो लागताच राष्ट्राला हात, हेतू आणि सदसद्विवेक प्राप्त होतो. इतिहासलेखन आणि वृत्तपत्रे या प्रत्ययाखेरीज चालू शकत नाहीत. फौजदारी कायदा मात्र तो नाकारतो. त्याला नाव, तारीख आणि कृती लागते. मनात हेतू धरू शकेल असे मन लागते. इंग्लंडच्या पार्लमेंटात १७७५ मध्ये अमेरिकन वसाहतींविषयी बोलताना एडमंड बर्कने संपूर्ण जनसमूहावर आरोपपत्र तयार करण्याची रीत आपल्याला अवगत नसल्याचे म्हटले होते. याच बर्कने पुढे वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगात, १७८८ पासून १७९५ पर्यंत, एका माणसाला उभे करून त्याच्या आडून एका राष्ट्राचे वर्तन तपासण्याचा प्रयत्न केला. हेस्टिंग्ज सुटला. तो सुटला म्हणून कंपनीचे बंगालमधील वर्तन निर्मळ ठरले, असे मात्र कोणी जाणता वाचक म्हणणार नाही.

टोकियोच्या अभियोक्त्यांपुढे हीच अडचण होती. त्यांनी ती सोडविली ती 'कट' या कल्पनेच्या आधारे. १ जानेवारी १९२८ पासून २ सप्टेंबर १९४५ पर्यंत आरोपींनी मिळून आशिया आणि पॅसिफिकवर वर्चस्व मिळविण्याचा एकच कट रचला आणि तडीस नेला, असा त्यांचा दावा होता. आरोपपत्रात एकूण ५५ आरोप होते. पण त्या सर्वांना एकत्र बांधणारा दोरा हाच. वाङ्मयाच्या अभ्यासकाला या दाव्याचे स्वरूप ओळखीचे वाटेल. ते कथानक आहे. जून १९२८ मध्ये चांग त्सो-लिनची आगगाडी उडविली जाते, सप्टेंबर १९३१ मध्ये मुकदेनजवळ रेल्वेमार्गावर स्फोट होतो, मे १९३२ मध्ये पंतप्रधान इनुकाई यांचा खून होतो, फेब्रुवारी १९३६ मध्ये तरुण अधिकारी बंड करतात, जुलै १९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटते, डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर. या घटना एका सूत्रात ओवल्या की त्यांना आदि, मध्य आणि अंत लाभतो. जे एकामागून एक घडले ते एकातून एक घडले असे वाटू लागते.

पालांच्या निकालपत्राचा सर्वांत समर्थ भाग या कथानकाच्या चिकित्सेचा आहे. कायद्याकडे वळण्यापूर्वी ते गणिताचे अध्यापक होते, ही गोष्ट येथे सहज आठवावी. प्रत्येक घटना ते सुटी करतात, तिच्यासाठी पुढे आणलेला पुरावा वेगळा काढतात आणि त्या पुराव्यातून केवळ ती घटना सिद्ध होते की पुढील घटनेशी असलेले तिचे नातेही सिद्ध होते, असा प्रश्न विचारतात. मंत्रिमंडळे कोसळत होती, लष्कर आणि नौदल यांच्यात वैर होते, आज आरोपी म्हणून शेजारी बसलेली माणसे कधीकाळी परस्परांची विरोधक होती. ज्या बंडांनी सरकारे हादरली, ती बंडेही सरकारच्याच कटाचा भाग होती असे मानावयाचे तर 'कट' या शब्दाला काही अर्थच उरत नाही. इतिहासाच्या ओघाला एकाच हेतूचे रूप देणे ही निवेदकाची सोय असते, आणि त्या सोयीवर कोणाला फासावर चढविता येत नाही, हा पालांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. कथनाच्या सुसंगतीलाच पुरावा मानण्याच्या प्रवृत्तीवर याहून कठोर टीका त्या काळच्या साहित्यविचारातही फारशी आढळणार नाही.

परंतु हीच पद्धत नानकिंगच्या प्रकरणी वेगळी दिसते. डिसेंबर १९३७ मध्ये आणि त्यानंतरच्या आठवड्यांत त्या शहरात जे घडले ते पालांनी नाकारलेले नाही. अतिशयोक्ती आणि प्रचार यांची वजावट करूनही जपानी सैन्याने नागरिक व युद्धकैदी यांच्यावर अत्याचार केल्याचा पुरावा प्रचंड आहे, हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. जे वाचक त्यांच्या निकालपत्राला राष्ट्राच्या निर्दोषत्वाचा दाखला मानतात, त्यांनी ही पाने वाचली नसावीत किंवा वाचून मिटली असावीत. पालांचा प्रश्न पुढचा आहे : या कृत्यांचा टोकियोतील आरोपींशी संबंध कोणता? तसा हुकूम, तशी मुभा, तशी बुद्धिपुरस्सर डोळेझाक सिद्ध झाली काय? त्यांच्या मते नाही. नानकिंगवर चाल करून गेलेल्या फौजांचे सेनापती मात्सुई इवाने यांनी शिस्तीचे आदेश दिले होते. ते निष्फळ ठरले, पण त्यांमागे कपट होते असे दिसत नाही. बहुमताने मात्सुई यांना केवळ एका आरोपावर, युद्धकायद्याचे पालन होईल हे पाहण्याच्या कर्तव्यात कसूर केल्याच्या आरोपावर, दोषी धरून फाशी दिली. पालांनी त्यांना सोडले.

मराठी व्याकरणात ज्याला नवीन कर्मणी म्हणतात, त्या रचनेत 'कडून' या शब्दयोगी अव्ययाची एक जागा असते, आणि ती रिकामी ठेवूनही वाक्य पुरे होते. 'लोक मारले गेले.' पालांच्या नानकिंगविषयक विवेचनात ही जागा सैनिकांपर्यंत भरली जाते आणि तेथे थांबते. कृत्य उभे राहते, त्याची भीषणता उभी राहते. वर चढत जाणारी साखळी मात्र तुटते. फौजदारी न्यायाच्या दृष्टीने हे तुटणे अयोग्य आहे असे ठामपणे म्हणता येणार नाही. संशयाचा फायदा मात्सुईलाही मिळावयास हवा. पण पालांच्या चिकित्सेत एक असमतोल येथे जाणवतो. कटाच्या कथानकाची तपासणी करताना जो न्यायाधीश प्रत्येक दुव्याकडे संशयाने पाहतो, तो 'आदेश दिले होते' या बचाव पक्षाच्या कथनाकडे तितक्या संशयाने पाहत नाही. न करणे हीसुद्धा कृती असू शकते, या कल्पनेला त्यांच्या व्यूहात अरुंद जागा आहे. परराष्ट्रमंत्री हिरोता यांच्यापर्यंत नानकिंगची वृत्ते पोहोचत होती. त्यांना दिलेली फाशी डच न्यायाधीश रॉलिंग यांनाही अमान्य होती, हे खरे. पण रॉलिंग यांनी प्रत्येक आरोपीचा निवाडा वेगळा केला, तर पालांनी सर्वांना सर्व आरोपांतून मुक्त केले.

याचे कारण त्यांच्या संहितेतील दुसऱ्या आवाजात शोधावे लागते. या निकालपत्रात दोन आवाज आहेत. एक विधिज्ञाचा : भूतलक्षी कायदा नको, विजेत्याने न्यायाधीश होऊ नये, आक्रमक युद्धाची व्याख्या आधी करा. दुसरा साम्राज्याच्या प्रजाजनाचा. पाश्चात्त्य सत्तांनी आशियात जी भूमी बळकावली ती कोणत्या कायद्याने, हा प्रश्न तो आवाज पुनःपुन्हा विचारतो. अणुबाँबच्या निर्णयाकडे बोट दाखवून पॅसिफिक युद्धात नात्सी नेत्यांच्या आदेशांच्या जवळ जाणारे काही असेल तर ते हेच, असे तो म्हणतो. आशिस नंदी यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी पालांवर लिहिताना या अंतर्गत ताणाकडे लक्ष वेधले होते. हा दुसरा आवाज महत्त्वाचा आहे. टोकियोच्या न्यायपीठावर तो दुसऱ्या कोणी इतक्या निर्भयपणे काढला नाही. तथापि 'तुम्हीही तेच केले' हा युक्तिवाद न्यायाधीशाची पात्रता खोडतो, आरोपीचे कृत्य खोडत नाही. पाल हा भेद जाणतात, पण लेखनाच्या ओघात दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात आणि एकाचे वजन दुसऱ्याच्या पारड्यात पडते. निकालपत्राच्या अखेरीस त्यांनी उद्धृत केलेला उतारा, काळाने आवेश निवळल्यावर आजची निंदा आणि स्तुती यांपैकी बरीच आपापल्या जागा बदलतील अशा अर्थाचा, जपानमधील त्यांच्या चाहत्यांना अत्यंत प्रिय आहे. तो उतारा जेफर्सन डेव्हिसचा आहे, म्हणजे गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या अध्यक्षाचा. वसाहतवादाविरुद्ध उठलेल्या आवाजाने समारोपासाठी हेच शब्द निवडावेत, यातील विसंगती पालांना जाणवली नसावी. पराभूताची बाजू आणि पीडिताची बाजू एकच असते, असा एक भ्रम त्यामागे आहे.

याच सुमारास आरोपी राष्ट्रातीलच एका तत्त्वज्ञाने हा प्रश्न उलट टोकाने हाताळला. कार्ल यास्पर्स यांची पत्नी ज्यू होती. १९३७ मध्ये त्यांना प्राध्यापकपदावरून दूर करण्यात आले आणि पुढे लेखन प्रसिद्ध करण्यास बंदी झाली. १९४५-४६ च्या हिवाळ्यात हायडेलबर्ग विद्यापीठात त्यांनी दिलेली व्याख्याने १९४६ मध्ये 'दी शुल्डफ्रागे', म्हणजे 'अपराधाचा प्रश्न', या नावाने प्रसिद्ध झाली. छळछावण्यांची छायाचित्रे आणि 'हा तुमचा अपराध' अशा अर्थाचा मजकूर असलेली भित्तिपत्रके जर्मन गावांत लागली होती. 'तुमचा' म्हणजे कोणाचा? यास्पर्स यांनी उत्तर देण्यापूर्वी शब्द फोडला. गुन्हेगारी अपराध, राजकीय अपराध, नैतिक अपराध आणि आधिभौतिकाच्या पलीकडचा, माणसाने माणसाशी राखावयाच्या एकात्मतेच्या भंगाचा अपराध, असे चार प्रकार त्यांनी केले. प्रत्येकाचे न्यायपीठ निराळे : पहिल्याचे न्यायालय, दुसऱ्याचे विजेत्याची सत्ता आणि इच्छा, तिसऱ्याचे स्वतःची सदसद्विवेकबुद्धी, चौथ्याचे केवळ ईश्वर. राष्ट्र गुन्हेगार असू शकत नाही, कारण गुन्हेगार नेहमी व्यक्ती असते. पण आपल्या राज्याने केलेल्या कृत्यांची राजकीय जबाबदारी प्रत्येक नागरिकावर येते, त्या राज्याला विरोध करणाऱ्यावरही.

कायद्याची पद्धत येथे कायद्याच्या हद्दीबाहेर वापरली आहे. आरोप सुटे करणे, प्रत्येकाला योग्य पीठापुढे नेणे, ज्याला अधिकारिता नाही त्याला निवाडा करू न देणे, या साऱ्या न्यायालयाच्याच रीती. त्यांच्या आधारे यास्पर्स दाखवितात की न्यायालयाने सोडलेला माणूस मोकळा होतो तो चार प्रकारांपैकी एकापासून. पालांचे निकालपत्र याच्याशेजारी ठेवून वाचले की त्याची व्याप्ती नेमकी दिसू लागते : ते सर्व पृष्ठांसह पहिल्या प्रकारातच राहते. जे बाकीच्या तीन प्रकारांनाही त्याने उत्तर दिले असे समजतात ते निकालपत्राला त्याच्या अधिकारितेबाहेर ओढून नेतात.

दोन्ही ग्रंथांतील पुरुषभेदही लक्षणीय आहे. आरोप द्वितीय पुरुषात केला जातो, निकाल तृतीय पुरुषात लिहिला जातो. यास्पर्स यांचे पुस्तक प्रथम पुरुष अनेकवचनात आहे. नैतिक अपराधाबाबत कोणी कोणाला 'तू' म्हणून दोषी ठरवू शकत नाही, तेथे 'मी' म्हणावे लागते, हा त्यांचा आग्रह त्यांच्या सर्वनामातच उतरलेला आहे. या मांडणीत धोका नाही असे नाही. चौथा प्रकार इतका विस्तीर्ण आहे की त्यात मारेकरी आणि मूक साक्षीदार यांच्यामधील सीमा पुसट होण्याची भीती असते. सारेच अपराधी म्हटले की कोणीच अपराधी राहत नाही, हा हाना आरेन्ट यांनी पुढे वारंवार मांडलेला आक्षेप येथे लागू पडतो. त्या स्वतः यास्पर्स यांच्याच शिष्या होत्या.

पालांच्या भारतीय वाचनाविषयी येथे थोडे थांबावयास हवे, कारण मराठी वाचकाची या बाबतीतील घडण एकोणिसाव्या शतकातच झालेली आहे. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ च्या सुमारास ग्रँट डफच्या इतिहासावर टीका केली आणि १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. तेव्हापासून परकीयांचा इतिहासग्रंथ हा फिर्यादीसारखा वाचावा आणि त्याला कैफियतीने उत्तर द्यावे, ही रीत रुळली. 'इतिहास' आणि 'आमच्या देशाची स्थिती' या निबंधांतील शास्त्रीबुवांची भूमिका वकिलाची आहे, आणि ती ते लपवीतही नाहीत. सरकारने १९१० मध्ये 'आमच्या देशाची स्थिती'वर बंदी घातली, यावरून ती वकिली किती परिणामकारक होती हे कळते. वकिलाने आपल्या पक्षकाराला सोयीचा पुरावा निवडावा, विरुद्ध पक्षाची पापे मोजावीत, हे त्याच्या धर्माला धरूनच आहे. पण या वाचनसंस्कारात वाढलेला वाचक न्यायाधीशाचे निकालपत्र हाती आले तरी त्यात वकीलच शोधतो. पालांमध्ये भारतीय वाचकाला आशियाचा वकील सापडला. निकालपत्रातील जी पाने त्या वकिलीशी जुळत नव्हती, नानकिंगची, मनिलाची, युद्धकैद्यांची, ती त्याने चिपळूणकरी शिस्तीने बाजूस ठेवली.

आता पुराव्याकडे वळावे लागते, कारण राष्ट्रावरील आरोपात पुराव्याची एक विशेष गोम आहे. व्यक्तीवरील खटल्यात पुरावा बहुधा राज्य गोळा करते. राष्ट्राच्या वर्तनाविषयीच्या वादात मात्र पुरावा आरोपी पक्षाच्याच कपाटात असतो. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती आणि दोस्त सैन्याचे आगमन यांमधील दिवसांत टोकियोतील लष्करी कार्यालयांतून कागदपत्रांचे ढीग जाळले गेले. नंतर न्यायालयात 'हुकमाचा कागद कोठे आहे?' असे विचारणे नियमाला धरून असले, तरी तो प्रश्न निरागस नसतो. ज्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या परंपरेत पालांची बुद्धी तयार झाली, त्याच कायद्याच्या कलम ११४ मधील एक उदाहरण सांगत असे की जो पुरावा पुढे आणता आला असता पण आणला नाही, तो आणला असता तर दडविणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता, असे न्यायालय गृहीत धरू शकते. 'शकते' असाच शब्द होता, 'धरावेच' असा नव्हता. व्यक्तीला फाशी देताना हे गृहीतक आवरते घ्यावे हे रास्त. पण राष्ट्राच्या वर्तनाचे मूल्यमापन करणाऱ्या वाचकावर ते आवरते घेण्याचे बंधन नाही.

हीच गोम पुढे हेग येथे दिसली. बोस्नियाने १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल २६ फेब्रुवारी २००७ रोजी लागला. येथे प्रतिवादी व्यक्ती नव्हती, राज्य होते. म्हणजे टोकियोत कटाच्या आडवाटेने जे साधावयाचे होते ते येथे राजरोस मांडता आले. जुलै १९९५ मधील स्रेब्रेनिचाचा संहार हा वंशसंहार होता, परंतु तो सर्बियाच्या अधिकारयंत्रणेने केल्याचे किंवा त्यात ती सहभागी असल्याचे सिद्ध झाले नाही. तथापि तो रोखण्याचे आणि अपराध्यांना शिक्षा करण्याचे कर्तव्य सर्बियाने पाळले नाही, असा निर्णय झाला. पालांनी ज्या कल्पनेला अरुंद जागा दिली होती, त्या 'न करण्याच्या' कल्पनेपाशीच कायदा राज्याच्या सर्वांत जवळ पोहोचला. आणि या खटल्यातही सर्बियाच्या सर्वोच्च संरक्षण परिषदेचे काही कागद मजकूर झाकलेल्या स्थितीत होते. ते संपूर्ण मागवावेत ही बोस्नियाची विनंती न्यायालयाने मान्य केली नाही. उपाध्यक्ष अल-खासावनेह यांनी आपल्या विसंमत मतात याच गोष्टीवर बोट ठेवले. बेलग्रेडमध्ये निकालाचे पहिले वाक्य ऐकले गेले, सारायेवोत दुसरे.

यासुकुनी देवस्थानात १९७८ मध्ये टोकियो खटल्यातील १४ जणांना, मात्सुई आणि हिरोता यांच्यासह, पूज्यस्थान देण्यात आले, आणि २००५ मध्ये त्याच आवारात पालांचे स्मारक उभारले गेले. ऑगस्ट २००७ मध्ये जपानचे पंतप्रधान शिंजो आबे यांनी भारतीय संसदेत पालांचा गौरवाने उल्लेख केला. पालांनी जे सिद्ध झाले नाही म्हटले त्याचा, आणि जे पुराव्याने प्रचंडपणे शाबीत आहे म्हटले त्याचाही, लेखी दस्तऐवज एकच आहे. त्याच्या १९५३ च्या कलकत्ता आवृत्तीत ही दोन्ही विधाने एकाच प्रकरणात आहेत.